व्हॉट्सॲप कॉल, साधा कॉल आणि मधला व्होल्टी: आवाज जातो तरी कसा?

"इथं नेटवर्क नाहीये, व्हॉट्सॲपवर कर" आणि "नेट चालत नाहीये, साधा कॉल कर" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात एकाच दिवशी ऐकू येतात आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर असतात. बहुतेकांच्या डोक्यात हिशोब असा असतो की एक कॉल नेटवरून जातो आणि दुसरा टॉवरवरून. पण मोबाइल डेटावर केलेला व्हॉट्सॲप कॉल पण टॉवरवरूनच जातो ना, आणि फोरजी फोनवरून केलेला साधा कॉल पण आता बहुतेक वेळा नेटच्याच पद्धतीनं जातो (यालाच व्होल्टी म्हणतात). मग फरक काय राहिला? फरक आहे, चांगला मोठा आहे, फक्त लोक शोधतात तिथं नाहीये. तो आहे तुमच्या आवाजासाठी वाटेत कुणी जागा राखून ठेवलीय का, यात.

आधी आवाजाचं काय होतं ते बघू, कारण इथपर्यंत सगळे प्रकार सारखेच आहेत. तुम्ही बोलता, माइक त्याचे विजेचे चढउतार करतो आणि फोन ते चढउतार मोजतो, जुन्या टेलिफोन पद्धतीत सेकंदाला ८००० वेळा. तसं मोजलं तर एका बाजूच्या आवाजाला सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. दोन एक्स्चेंजमधल्या केबलला हे चालून जायचं पण हवेतून पाठवायचं म्हटलं की फार होतं, कारण हवेतली जागा म्हणजे स्पेक्ट्रम, आणि तो कंपन्यांनी लिलावात हजारो कोटी मोजून घेतलेला असतो. म्हणून डिजिटल मोबाइल तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवतच नाही, तो जवळपास आवाजाचं वर्णन पाठवतो. २० मिलिसेकंदांचा एक तुकडा घ्यायचा, त्या वेळात स्वर कोणता होता, पट्टी काय होती, जोर किती होता हे आकड्यात लिहून काढायचं आणि पलीकडच्या फोननं त्यावरून आवाज पुन्हा बनवायचा. हे काम करणाऱ्या भागाला कोडेक म्हणतात. टूजीच्या पहिल्या कोडेकमध्ये २० मिलिसेकंदांचं वर्णन २६० बिटांत बसायचं, म्हणजे सेकंदाला १३ हजार बिट, ६४ हजारांचं काम १३ हजारांत. कॉलर ट्यून इतकी भयाण का वाजायची त्याचं उत्तर पण इथंच आहे, ते कोडेक माणसाच्या गळ्यासाठी बनवलेलं होतं, त्याच्यातून तबला-पेटी पाठवली की ते बिचारं त्याला पण माणूस समजूनच लिहून काढायचं.

आता हे वर्णन पाठवायचं कसं, इथं रस्ते वेगळे होतात. जुना डिजिटल मोबाइल, म्हणजे जीएसएम (आपलं नेहमीचं टूजी), हा एसटीच्या रिझर्व्हेशनसारखा. कॉल लागला की तुमच्या नावानं सीट बुक, तुम्ही बोला, गप्प बसा, मध्येच कुकर बंद करायला जा, सीट तुमचीच, दुसरं कुणी बसणार नाही. इंटरनेट म्हणजे वडाप. (ज्यांच्याकडं हा शब्द नाही त्यांच्यासाठी, स्टँडबाहेर माणसं भरून सुटणारी शेअर जीप.) जागा असेल तसं बसायचं, तुमची चार माणसं चार वेगळ्या जीपमधून निघतील, कोण आधी पोचेल सांगता येत नाही, गर्दी झाली तर एखादा मागंच राहील. पण वडापला सीट रिकामी जात नाही आणि म्हणून ते स्वस्त पडतं, हे पण खरं.

जीएसएमची सीट म्हणजे प्रत्यक्षात वेळेचा एक तुकडा. २०० किलोहर्ट्झची एक पट्टी आठ जणांत वाटलेली, प्रत्येकाला ५७७ मायक्रोसेकंदांची पाळी, आठ जणांची पाळी झाली की साधारण ४.६ मिलिसेकंदांनी परत तुमची. म्हणजे तुमचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ट्रान्समीटर चालू-बंद करत असतो. जुने लोक आठवा, टीव्हीजवळ किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवला की कॉल येण्याआधीच टिर्र टिर्र टिर्र असा आवाज यायचा आणि सगळे "कुणाचा तरी फोन येतोय" म्हणायचे? तो हाच, तुमच्या पाळीचा आवाज. स्पीकरच्या वायरी अँटेनासारख्या वागायच्या आणि ती २१७ ची धडधड ऐकू यायची. आजच्या पोरांना ते माहीतच नाही कारण फोरजी अशी पाळी लावत नाही.

पाळीची पद्धत असल्यामुळं एक मजेशीर मर्यादा पण होती. तुमचा सिग्नल टॉवरला तुमच्याच पाळीत पोचला पाहिजे, लांब असाल तर रेडिओ लहरींना पोचायला जो वेळ लागतो तेवढं फोनला आधी पाठवावं लागतं, आणि ही आधी पाठवायची सोय साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच दिलेली. त्यामुळं समुद्रात लांब गेलेल्या होडीवर सिग्नल कितीही स्वच्छ असला तरी साध्या जीएसएमवर त्यापलीकडं कॉल लागत नाही.

सीडीएमए पण होतं मधे, २००२ च्या शेवटी रिलायन्स इन्फोकॉमनं आणलेलं, ५०१ रुपयांत हातात पडणारा आणि बहुतेक वेळा सिम नसलेला तो फोन. त्यात पाळी नव्हती, सगळे एकाच वेळी एकाच पट्टीवर बोलायचे आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या सांकेतिक कोडनं गुंडाळलेला असायचा, टॉवर कोड लावून ज्याचा त्याचा वेगळा काढायचा. हुशार पद्धत होती, थ्रीजीनं तीच घेतली. पण हिशोबाच्या दृष्टीनं ते पण रिझर्व्हेशनच, कॉल चालू आहे तोवर तुमचा वाटा तुमच्यासाठी बाजूला काढलेला.

म्हणून तर कॉलचे पैसे मिनिटावर असायचे. तुम्ही जागा किती वेळ अडवली याचं ते भाडं होतं, काय बोललात याचं नाही. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला, आणि त्या काळात आउटगोइंगला तर पैसे पडायचेच पण कुणी तुम्हाला फोन केला तरी तुमच्याच खिशातून जायचे. २००३ मध्ये ज्यानं फोन केला त्यानंच पैसे द्यायचे हा नियम आला आणि मग आपण सगळ्यांनी मिळून मिस्ड कॉल नावाची एक अख्खी भाषा तयार केली, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये.

आता वडापवाल्यांकडं. इंटरनेटवरून आवाज पाठवायची कल्पना व्हॉट्सॲपची नाही, स्काइपची पण नाही, १९७० च्या दशकात अमेरिकेत इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर हे प्रयोग झालेले आहेत. सामान्य लोकांपर्यंत ते १९९५ ला व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या सॉफ्टवेअरनं आणलं आणि घराघरात २००३ ला आलेल्या स्काइपनं नेलं (ते स्काइप मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं). व्हॉट्सॲपवर व्हॉइस कॉल आले २०१५ मध्ये. तत्त्व सगळ्यांचं एकच: २० मिलिसेकंदांचा आवाज घ्या, त्याचं पाकीट करा, त्यावर पत्ता टाका, सोडून द्या, आणि असं सेकंदाला ५० वेळा करा.

पत्त्याची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. टूजीएवढ्या दर्जाचा आवाज घेतला तर एका पाकिटात आवाज असतो जेमतेम ३३ बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट), आणि त्यावर जो पत्ता वगैरे लागतो, म्हणजे आयपी, यूडीपी आणि आरटीपी ही तीन लेबलं, ती होतात ४० बाइट. मालापेक्षा लेबल जड! जीएसएमच्या बुक केलेल्या सीटला दर वेळी पत्ता लागत नाही, सीट नंबर हाच पत्ता, इथं मात्र प्रत्येक पाकिटाला पूर्ण पत्ता लिहावा लागतो कारण प्रत्येक पाकीट एकटं प्रवास करतं. नुसत्या लेबलांचे सेकंदाला १६ हजार बिट होतात. तरी एकूण काय जातं, आवाज सेकंदाला २० हजार बिट धरला तर दोन्ही बाजू मिळून मिनिटाला साधारण अर्धा एमबी, तासभर गप्पा मारल्या तर ३० एमबीच्या आसपास. एक-दोन जीबी रोज मिळणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. आवाज ही डेटाच्या दुनियेत इतकी किरकोळ वस्तू आहे हे एकदा कळलं की प्रश्न पडतो की मग कॉलिंगचे वेगळे पैसे का घ्यायचे, आणि हाच प्रश्न ५ सप्टेंबर २०१६ ला जिओनं बाजारात आणून टाकला, पण त्याकडं नंतर येतो.

वडापची खरी अडचण डेटा किती लागतो ही नाहीच, वेळेची आहे. पाकिटं आपण मोजून २० मिलिसेकंदांनी सोडली तरी पलीकडं तशी पोचत नाहीत, एक १५ नं येतं, पुढचं ६० नं, मग दोन एकदम. म्हणून पलीकडचा फोन आलेली पाकिटं लगेच वाजवत नाही, थोडी साठवतो आणि मग ओळीत वाजवतो. साठवण मोठी ठेवली तर आवाज स्वच्छ येतो पण उशीर वाढतो आणि दोघं एकदम बोलायला लागतात, "हां बोल", "नाही नाही तू बोल", तो प्रकार. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर आपल्याला तो जाणवत नाही असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते, ४०० च्या वर गेला की बोलणं अवघडच. हा त्रास इंटरनेटनंच आणला असं नाही हां. पूर्वी परदेशचे कॉल उपग्रहावरून जायचे, आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वीला त्यासाठी विक्रम भूकेंद्र होतं. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागायचा, प्रकाशाच्या वेगानं जाऊनसुद्धा. अमेरिकेतल्या काकाशी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबायची जी सवय आपल्या घरातल्या मोठ्यांना लागली होती ती तिथली.

आणि एखादं पाकीट आलंच नाही तर? ते परत मागवायला वेळ नसतो, परत येईपर्यंत वाक्य पुढं गेलेलं असतं, म्हणून फोन आधीचाच आवाज थोडा ताणून ती फट बुजवतो. एखाददुसरं हरवलं तर कळतही नाही. सलग हरवायला लागली की तो रोबोटसारखा ताणलेला "हॅऽऽलोऽऽ" ऐकू येतो. म्हणून व्हॉट्सॲपवर आवाज बिघडतो तो टूजीपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं बिघडतो: टूजीवर खरखर व्हायची आणि कॉल कट व्हायचा, इथं कॉल कट होत नाही, माणूसच वितळतो. बरेचदा दोष आपल्याच घरात असतो, त्याच वायफायवर कुणीतरी मोठी फाइल चढवत असतं, राउटरमधे पाकिटांची रांग लागते आणि तुमची आवाजाची चिमुकली पाकिटं त्या रांगेत अडकतात. राउटरला काय माहीत यातलं कुठलं पाकीट म्हणजे आई बोलतेय.

चांगली बाजू पण सांगितली पाहिजे. नेट बरं असेल तर ॲपवरचा आवाज टूजीपेक्षा कितीतरी छान येतो. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा जायचा, त्यामुळं फोनवर स आणि फ यात गोंधळ व्हायचा. इंटरनेटवाल्यांना ती बेडी नव्हती. २०१२ मध्ये ओपस नावाचं कोडेक प्रमाणित झालं, त्यात स्काइपचं स्वतःचं तंत्र पण मिसळलेलं आहे, आणि ते सेकंदाला ६ हजार बिटांपासून ५ लाखांपर्यंत कुठंही चालतं, नेट कमी झालं की आपोआप आवाजाचा दर्जा उतरवतं, वाढलं की परत भरदार. वापरायला कुणालाही फुकट, म्हणून असंख्य ॲपमधे तेच असतं.

तर एका बाजूला राखीव सीट पण आवाज कोंदट आणि पैसे मिनिटाला, दुसऱ्या बाजूला आवाज छान आणि जवळपास फुकट पण भरवसा नाही. व्होल्टी म्हणजे या दोघांच्या मधला तोडगा. फोरजी बनवताना त्यात जुनी सीट बुक करायची पद्धत ठेवलीच नाही, सगळं पाकिटांतच. सुरुवातीला म्हणूनच फोरजी फोनवर कॉल आला की फोन गुपचूप टूजी-थ्रीजीवर उतरायचा, आणि टूजीवर उतरला तर बोलणं होईपर्यंत नेट बंद, आठवत असेल. मग व्होल्टी आलं. यात तुमचा साधा कॉल पण पाकिटांतूनच जातो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो इंटरनेट कॉलचाच भाऊ, पण कंपनीचं नेटवर्क ती पाकिटं ओळखतं. कॉल लागला की आवाजासाठी एक वेगळी वाट उघडते, तिला ठराविक वेगाची हमी असते आणि टॉवरकडून होणारा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत ठेवायचं बंधन असतं. व्हॉट्सॲपची पाकिटं मात्र त्याच टॉवरवर रील आणि क्रिकेटच्या गर्दीत सर्वसाधारण रांगेत. शिवाय ती ४० बाइटची लेबलं व्होल्टीत टॉवर आणि फोनच्या मधे आकसून तीन-चार बाइटवर आणतात, कारण एकाच कॉलमधे पत्ता काही बदलत नाही, मग दर वेळी पूर्ण कशाला लिहायचा. आवाज पण ५० ते ७००० हर्ट्झचा, म्हणून तो एचडी का काय लिहून येतं स्क्रीनवर.

जिओकडं टूजी-थ्रीजी नव्हतंच, त्यांचा प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून पाकिटांतला. म्हणून त्यांना "आवाजाचे पैसे नाहीत, फक्त डेटाचे" म्हणता आलं. बाकीच्यांना मग तिकडं जावंच लागलं, एअरटेलनं व्होल्टीची सुरुवात सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून केली. त्याच्या आधीचा किस्सा विसरायला नको: डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून कॉल करायला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं, एवढी बोंब झाली की मागं घ्यावं लागलं, आणि २०१५ चं नेट न्यूट्रॅलिटीचं (म्हणजे नेटवर सगळ्या ॲपना सारखीच वागणूक हवी, याचं) सगळं आंदोलन, ट्राय या दूरसंचार नियामकाला गेलेल्या लाखो ईमेल, त्याला मोठा धक्का इथूनच मिळाला. कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही लायसन फी भरतो, स्पेक्ट्रम विकत घेतो आणि हे ॲपवाले आमच्याच रस्त्यावरून फुकट धंदा करतात. मला विचाराल तर यात अर्धंच तथ्य आहे, कारण त्या रस्त्याचे पैसे आपण डेटा पॅकमधून भरतोच की. अर्ध्या तथ्याकडं पण बघायला हवं मात्र, ते ११२ या आणीबाणीच्या नंबरच्या मुद्द्यात दिसतं.

अपघात झाला, ११२ लावायचाय, व्हॉट्सॲपवरून लागत नाही. साध्या कॉलमधे तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून पण आणीबाणीचा कॉल लावायचा प्रयत्न करतो, "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" असं जे येतं त्याचा अर्थ तो. कॉल येण्याच्या बाबतीत पण फरक आहे. साधा कॉल आला की टॉवर तुमच्या फोनला हाक मारतो आणि फोन झोपेतसुद्धा दर थोड्या वेळानं ती हाक ऐकायला जागा होतो, हे त्याच्या हाडामासात आहे. ॲपचा कॉल यायचा तर आधी गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरून सूचना यावी लागते, मग ॲपला जाग यावी लागते, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन त्या ॲपला मारूनच टाकतात. मग तासाभरानं व्हॉट्सॲप उघडलं की चार मिस्ड कॉल एकदम.

गुप्ततेत मात्र ॲप पुढं आहे. साधा कॉल फोन ते टॉवर एवढ्या टप्प्यात कुलूपबंद असतो, कंपनीच्या आत तो उघडा करता येतो आणि कायद्यानं परवानगी असेल तर ऐकता येतो. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत कुलूप आहे, मधल्या कुणाला ऐकू येत नाही. कुणी कुणाला कधी केला याची नोंद ही वेगळी गोष्ट, ती राहू शकते. अजून एक बारीक मुद्दा, शक्य असेल तिथं ही ॲप दोन फोन थेट जोडतात, म्हणजे समोरच्याला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा तुमच्या फोनचा पत्ता, कळू शकतो, नको असेल तर व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमधे तो लपवायचं बटण आहे, मग कॉल त्यांच्या सर्व्हरवरून फिरून जातो आणि आवाजात किंचित फरक पडू शकतो.

दुबई-अबुधाबीला ज्यांची माणसं आहेत, आणि कोकणात अशी घरं कमी नाहीत, त्यांना हे सगळं वाचून हसू येईल, कारण तिथं व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, कॉल लागत नाही. तंत्रज्ञान तेच, अडवलंय सरकारी नियमानं, परवानगी असलेल्या बोटीमसारख्या ॲपवरूनच बोलता येतं. भारतात पण १ एप्रिल २००२ ला इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती अर्धवटच होती, कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर चालेल, परदेशातल्या फोनवर चालेल, पण देशातल्या साध्या फोनवर नाही. ती भिंत २०१८ मध्ये पडली.

भिंत असताना लोकांनी चोरवाट काढलीच होती आणि अजून चालते. पेपरात अधूनमधून बातमी येते ना, "बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उद्ध्वस्त, शेकडो सिमकार्ड जप्त"? ती सिम बॉक्सची. परदेशातला कॉल इंटरनेटवरून एखाद्या खोलीत आणायचा, तिथं खूप सिम लावलेल्या पेटीतून तो लोकल कॉल म्हणून बाहेर काढायचा. आंतरराष्ट्रीय कॉलचं शुल्क वाचतं आणि तुमच्या स्क्रीनवर दिसतो साधा भारतीय नंबर. "कुरियरमधे ड्रग्ज सापडलंय" म्हणणारा माणूस पुण्यात बसलाय असं नंबरवरून वाटतं, तो कुठंही असू शकतो. नंबर बघून विश्वास ठेवायचे दिवस त्यामुळं संपले.

आता रोजच्या वापराचं. गावाकडं एकच कांडी आहे आणि नेट फिरतंय नुसतं, तर साधा कॉलच करा, त्याला जागा कमी लागते आणि नेटवर्क त्याला आधी घेतं. गाडीत किंवा लोकलमधे पण साधाच बरा, टॉवर बदलताना नेटवर्क तो हातोहात पुढं देतं, ॲपचा कॉल मात्र वायफायवरून डेटावर गेला की पत्ताच बदलतो आणि "रीकनेक्टिंग" येतं. घरात वायफाय दणकट पण आरसीसीच्या भिंतींमुळं रेंज नाही, तर व्हॉट्सॲपकडं जायच्या आधी सेटिंग्जमधे सिम किंवा मोबाइल नेटवर्कमधे जाऊन वायफाय कॉलिंग चालू आहे का बघा. ते चालू केलं की तुमचा साधा कॉल, तुमच्याच नंबरवरून, घरच्या वायफायवरून कंपनीपर्यंत जातो, समोरच्याकडं साधा फोन असला तरी चालतं, आणि भारतात तर त्याचे वेगळे पैसे साधारणपणे पडत नाहीत. तिथंच शेजारी व्होल्टीचं पण बटण असतं, आईबाबांच्या फोनमधे ते बंद असेल तर चालू करून द्या.